हिट रेशो ९९.९९ टक्के, आणि रांग दारापर्यंत

मे महिन्यात श्रीवर्धनला घरी गेले की लॅपटॉप उघडायचा नाही, असं मी दरवर्षी ठरवते. यंदा ते जमलं नाही. काका गावातल्या एका पतसंस्थेच्या संचालक मंडळावर आहेत (संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, चूक तिची एकटीची नाही). रात्री जेवण झाल्यावर त्यांनी माझ्यापुढे दोन पानी कागद सरकवला. सॉफ्टवेअरवाल्यांचा मासिक रिपोर्ट. "तू डेटाबेसमध्येच पीएच.डी. करतेस ना? मग हे काय ते सांग. बुधवारी मीटिंग आहे."

रिपोर्टमध्ये बरंच काही होतं, पण रंग दोनच ओळींना होता. "बफर कॅश हिट रेशो ९९.९९%" ही हिरवी. "मेमरी वापर ९४%" ही लाल. खाली शिफारस: सर्व्हरची रॅम दुप्पट करावी. सोबत कोटेशन जोडलेलं. आकडा इथे लिहीत नाही, पण तेवढ्या पैशात संस्थेच्या शिपायाचा वर्षाचा पगार निघाला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांबरोबर गेले. पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे सगळ्यांनाच पैसे काढायचे असतात. बेगमी भरायची, कौलं परतायची, वाडीत माणसं लावायची. त्यामुळे रांग दारापर्यंत. एका पासबुकाची छपाई सुरू व्हायला बारा-पंधरा सेकंद, चारही खिडक्या चालू असल्या की त्याहून जास्त. माझ्या पुढच्या आजी मागे वळून म्हणाल्या, "बाय, मशीन म्हातारं झालंय. माझ्यासारखं." मशीन दोन वर्षांपूर्वीचं होतं.

तर आजचा लेख त्या दोन रंगीत ओळींबद्दल. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते: लाल ओळ निरर्थक होती, आणि हिरवी ओळ त्याहून वाईट होती, कारण ती खरी होती.

थोडी पार्श्वभूमी. (तिथे मी "कॅश भरलेलीच असायला हवी" असं म्हटल्यावर कॅशियरताई दचकून तिजोरीकडे बघायला लागल्या. म्हणून यापुढे "बफर" म्हणते.) डेटाबेस आपला माल डिस्कवर ठेवतो, पानापानांत. पोस्टग्रेसमध्ये एक पान ८ किलोबाइटचं असतं. डिस्कवर जाणं महाग, म्हणून वारंवार लागणारी पानं मेमरीतल्या बफरमध्ये राहतात. आमच्या घरात माळा आणि मांडणी असते तसंच. पावसाळ्याचे कडवे वाल, कुळीथ, आमसुलं, सुकी मासळी सगळं माळ्यावर. रोजचं मीठ-तिखट मांडणीवर, हात पोचेल तिथे. हवी ती वस्तू मांडणीवर सापडली तर तो हिट. शिडी लावून माळ्यावर चढावं लागलं तर तो मिस. शंभर वेळा हात पुढे केला आणि नव्व्याण्णव वेळा मांडणीवरच भागलं, तर हिट रेशो ९९ टक्के.

आता लाल ओळ. मेमरी ९४ टक्के वापरली जाते आहे, म्हणजे संपत आली, असा त्याचा अर्थ रिपोर्ट लिहिणाऱ्याने लावला. मांडणी भरलेली आहे म्हणून घर लहान पडतंय, असं कोणी म्हणत नाही. ती भरायलाच लावलेली असते. लिनक्स रिकाम्या पडलेल्या रॅममध्ये नुकत्याच वाचलेल्या फाइलींची पानं ठेवून देतो आणि कुणाला जागा लागली की ती मुकाट्याने सोडतो. पोस्टग्रेसही आपल्या वाट्याचा बफर एकदा भरला की भरलेलाच ठेवतो. रॅम दुप्पट केली असती तर काही दिवसांनी तीही ९० टक्क्यांच्या वर गेली असती, आणि ओळ पुन्हा लाल झाली असती. मोजायचंच तर मशीनला स्वॅप करावं लागतंय का, आणि चटकन मोकळी करता येण्याजोगी मेमरी किती आहे, हे मोजावं. दोन्ही आकडे त्याच मशीनवर एका कमांडमध्ये मिळतात. लाल ओळीवर याहून जास्त शाई घालवत नाही.

हिरव्या ओळीवर मात्र घालवायची आहे, कारण हा आकडा आमच्या क्षेत्रातून बाहेर गेला आहे. तो कुणा विक्रेत्याच्या डोक्यातून आलेला नाही. १९६६ साली आयबीएमच्या लॅस्लो बेलाडीने मेमरीतून कुठलं पान बाहेर काढावं याच्या पद्धतींची तुलना केली. तेव्हापासून या विषयातले बहुतेक पेपर त्याच वळणाचे आहेत: पानांच्या मागण्यांची एक यादी घ्या, तीच यादी वेगवेगळ्या पद्धतींना द्या, कुणाकडे मिस कमी ते बघा. २००३ साली आयबीएमच्याच निम्रॉड मेगिडो आणि धर्मेंद्र मोढा यांनी 'आर्क' नावाची पद्धत मांडली. मोढा हे आयआयटी मुंबईचे विद्यार्थी. पेपर सुंदर आहे. मी तो पहिल्या वर्षी वाचला तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. त्यात एक ठळक आकडा आहे: एका कृत्रिम चाचणीत, ४ गिगाबाइटच्या बफरवर, जुन्या एलआरयू पद्धतीचा हिट रेशो ९.१९ टक्के, आर्कचा २० टक्के. दुपटीहून जास्त. आणि इथे हिट रेशो हे माप अगदी योग्य आहे, कारण दोघांना दिलेली यादी एकच आहे. भागाकारातला खालचा आकडा बांधलेला आहे. तेव्हा वरचा वाढला तर त्याचं श्रेय पद्धतीलाच जाणार.

पतसंस्थेच्या सर्व्हरवर खालचा आकडा बांधलेला नसतो. तिथे किती पानं मागायची हे प्रोग्राम ठरवतो, आणि प्रोग्राम वाईट लिहिला असेल तर तो एकच पान हजारदा मागतो. मांडणीकडे परत या. समजा, आमटीत चमचाभर मीठ घालायचं आहे. आईने डबा एकदा काढला आणि घातलं; आंबट म्हणून आमसुलं आणायला ती एकदा माळ्यावर गेली. दोनदा हात, एक हिट, रेशो ५० टक्के. आता सुनेने तेच मीठ एकेक कण करत नव्व्याण्णव वेळा डबा काढून-ठेवून घातलं, आणि एकदा माळ्यावर गेली. रेशो ९९ टक्के! आमटी तीच, माळ्यावरची फेरी तेवढीच, फक्त जेवायला तीन वाजले. रिपोर्टच्या भाषेत सून उत्तम.

हे काही माझं संशोधन नाही. ओरॅकलच्या वर्तुळात पंचवीसेक वर्षांपूर्वी यावरून चांगलीच जुंपली होती. पर्थच्या कॉनर मॅकडोनाल्डने एक छोटा प्रोग्राम लिहून ठेवला: तुम्हाला किती हिट रेशो हवा ते सांगा, तो तेवढा करून देतो. कसा? तीच ती पानं मेमरीतून उगाच वाचत बसतो. डेटाबेसचं काम काडीचं सुधारत नाही, आकडा हवा तिथे पोचतो. कॅरी मिलसॅपने तर आपल्या पेपरच्या शीर्षकातच सांगून टाकलं की ९९ टक्क्यांवरचा हिट रेशो ठीक नसतो. त्याचा मुद्दा: मेमरीतलं वाचनही फुकट नसतं. पान शोधायचं, त्यावर क्षणभर ताबा घ्यायचा, दुसऱ्याशी टक्कर होऊ द्यायची नाही, ओळी तपासायच्या. या सगळ्याला प्रोसेसर लागतो. रेशो फार उंच दिसला तर आधी शंका घ्यावी की कुणीतरी गरजेपेक्षा कितीतरी जास्त पानं वाचतंय.

मिलसॅपशी मी सहमत आहे, पण त्या घराण्याबद्दल माझी एक तक्रारही आहे. त्यांनी पर्याय दिला तो असा: वापरणाऱ्याला ज्या कामाची वाट बघावी लागते ते काम पकडा, त्याचा सेकंद-सेकंदाचा हिशेब काढा. बरोबर आहे. पण तो हिशेब वाचता येणारा माणूस प्रत्येक ठिकाणी असतो, असं त्यांनी गृहीत धरलं. श्रीवर्धनच्या पतसंस्थेत डीबीए नाही. महिन्यातून एकदा दुरून लॉगइन करणारा एक मुलगा आहे, त्याच्याकडे अशा चाळीस संस्था आहेत, आणि त्याला प्रत्येकीसाठी एका ओळीत मावेल, रंग देता येईल असा आकडा हवा आहे. हिट रेशो टिकून राहिला तो त्यामुळे. त्याच्या विरोधातले सगळे युक्तिवाद जिंकले, आणि तो जिवंत राहिला. आम्ही संशोधकांनी तितकंच स्वस्त, तितकंच एका ओळीचं दुसरं काही त्याच्या हातात दिलं नाही.

खरं तर दिशा जुनीच आहे. १९८७ साली जिम ग्रे आणि फ्रँको पुट्झोलू यांनी 'पाच मिनिटांचा नियम' मांडला: जे पान दर पाच मिनिटांत एकदा तरी लागतं, ते मेमरीत ठेवणं परवडतं. त्यांनी टक्के मोजलेच नाहीत. डिस्कची एक फेरी किती पैशांना पडते आणि तेवढ्यात किती मेमरी येते, हे मोजलं. किमती बदलल्या तसा पाच हा आकडा पुढे अनेकदा तपासला गेला, पण प्रश्न विचारण्याची रीत तीच राहिली. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या मुलांना हा नियम सिल्बरशाट्झ, कॉर्थ आणि सुदर्शन यांच्या पुस्तकात भेटतो, आणि परीक्षा झाली की निरोप घेतो.

बरं, मग पतसंस्थेत केलं काय? मॅनेजर साहेबांची लेखी परवानगी, फक्त वाचण्यापुरतं लॉगइन, आणि खातेदारांची नावं दिसणार नाहीत अशी व्यवस्था. (हे कंटाळवाणं वाटेल, पण कुणाच्या तरी पैशांच्या नोंदी आहेत. भाचीचा हट्ट म्हणून सर्व्हर उघडून देऊ नका.) आणि रांग उभी असतानाच बघायचं, हे महत्त्वाचं. पोस्टग्रेसचे हिट आणि रीड हे दोन्ही आकडे शेवटचे शून्य केले तेव्हापासून साठत आलेले असतात. त्यांचा भागाकार म्हणजे कित्येक महिन्यांची सरासरी. त्यात रात्रीचे रिकामे तासही आले आणि रविवारही. सकाळी अकराची घुसमट त्या सरासरीत बुडून जाते. भागाकार करायचाच असेल तर दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा आकडे घ्या आणि फरकाचा करा. तरीही पोस्टग्रेसमध्ये 'रीड' म्हणजे डिस्क असं नाहीच. पान पोस्टग्रेसच्या बफरमध्ये नव्हतं, एवढंच त्याचं म्हणणं. ते लिनक्सच्या मेमरीत तयार बसलेलं असू शकतं. म्हणजे उंच रेशोवर जसा विश्वास ठेवता येत नाही, तसा खालच्यावरही नाही.

म्हणून मी आधी रेशो बघितलाच नाही. चालू कामांची यादी दाखवणारी 'पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी' दर सेकंदाला एकदा अशी पाच मिनिटं घेतली. प्रत्येक काम त्या क्षणी कशाची वाट बघतंय हे त्यात येतं. 'डेटाफाइल-रीड' पुन्हा पुन्हा दिसलं असतं, तर पानं बाहेरून येताहेत, मेमरी कमी पडत असण्याची शक्यता खरी, रॅमचं कोटेशन विचारात घ्या. 'लॉक' दिसलं असतं, तर कुणीतरी कुणालातरी अडवलंय. इथे वाट बघण्याचा रकाना जवळजवळ सगळीकडे कोरा होता आणि काम 'चालू' होतं. म्हणजे कुणी कशासाठीच थांबलेलं नव्हतं; प्रोसेसर जीव तोडून राबत होता. काय करत होता?

पासबुक छापत होता. क्वेरीच्या पोटात शिरून बघितल्यावर उलगडलं. पासबुकावरच्या प्रत्येक ओळीपुढे शिल्लक छापायची असते. ती काढायला प्रोग्राम दर ओळीमागे खातं उघडल्यापासूनच्या सगळ्या नोंदींची बेरीज करत होता. आणि व्यवहारांच्या टेबलावर खाते क्रमांकाचा इंडेक्सच नव्हता. पिग्मीच्या रोजच्या नोंदींमुळे हे टेबल सुमारे दीड गिगाबाइटचं झालेलं. ८ किलोबाइटच्या हिशेबाने १ लाख ९६ हजार पानं. एका ओळीसाठी ती सगळी वाचायची. बारा ओळी छापायच्या तर साडेतेवीस लाख पानं, एका पासबुकासाठी! पोस्टग्रेसचा बफर ८ गिगाबाइटचा. एरवी बफरच्या पाव हिश्शाहून मोठं टेबल सलग वाचताना पोस्टग्रेस त्याला एका छोट्या कोपऱ्यातच फिरवतो, बाकीची मांडणी विस्कटू देत नाही. हे टेबल त्या मर्यादेच्या जेमतेम आत होतं, म्हणून ते अख्खं बफरमध्ये येऊन बसलेलं. 'पीजी-बफरकॅश' नावाचं एक्स्टेन्शन बफरमध्ये कुठल्या टेबलाची किती पानं आहेत ते दाखवतं. त्यात ते पहिल्या नंबरवर, जवळजवळ पूर्ण. साडेतेवीस लाख वाचनं, सगळी हिट. ९९.९९ टक्के यायला आणखी काय हवं? हिरवी ओळ त्या रांगेचंच मोजमाप होती. रांग जितकी मोठी, तितकी ती हिरवी.

रॅम दुप्पट केली असती तर यातलं एकही वाचन कमी झालं नसतं.

इथे मला पवईचं काम आठवलं, आणि थोडा अभिमानही वाटला. प्रोग्रामने वळसे घेत एकच क्वेरी पुन्हा पुन्हा चालवायची, हा रोग जुना आहे. आयआयटी मुंबईत रवींद्र गुरवण्णावर आणि एस. सुदर्शन यांनी २००८ साली तो उलटा पकडला: वळशातल्या सुट्या क्वेरी आपोआप एकत्र करून एकाच वेळी पाठवता येतील अशी प्रोग्रामची पुनर्रचना कशी करायची. तिथूनच पीएच.डी. केलेले कार्तिक रामचंद्र पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये 'फ्रॉइड' या कामात होते. डेटाबेसमध्ये लिहिलेली छोटी फंक्शनं ओळीमागून ओळ चालवण्याऐवजी मूळ क्वेरीत विरघळवून टाकायची, ही त्यातली कल्पना. एसक्यूएल सर्व्हर २०१९ मध्ये ती प्रत्यक्ष आली. या कामांचा रोख मागण्याच कमी करण्यावर आहे. मागण्यांची यादी जशी आहे तशी स्वीकारून तिच्याभोवती हुशार बफर रचणं हा माझ्याही प्रबंधाचा विषय असल्यामुळे हे लिहिताना जरा अवघडायला होतंय. माझ्या दुसऱ्या प्रकरणातले सगळे आलेख हिट रेशोचेच आहेत. यादी बांधलेली आहे, त्यामुळे चूक काही नाही. पण ती यादी मुळात तशी का आहे, हे मी तीन वर्षांत एकदाही विचारलेलं नव्हतं.

आर्कचीही गंमत सांगते. २००५ च्या जानेवारीत आलेल्या पोस्टग्रेस ८.० मध्ये आर्क घेतलं होतं. आयबीएमने त्यावर पेटंटचा अर्ज केल्याचं लक्षात आल्यावर ८.०.२ मध्ये घाईने दुसरी पद्धत बसवली, आणि त्याच वर्षीच्या ८.१ मध्ये आजची, घड्याळाच्या काट्यासारखी फिरत पानं हेरणारी साधी पद्धत आली. एका वर्षात तीन पद्धती! त्या पासबुकाला तिन्हींमध्ये साडेतेवीस लाखच पानं लागली असती.

दुरुस्ती दीड दिवसाची झाली. मी केली नाही. सॉफ्टवेअरवाल्यांच्या त्या मुलाला फोन करून सांगितलं. तो समजूतदार निघाला, त्याला इंडेक्सची शंका आधीपासून होती, फक्त त्याला कुणी विचारलं नव्हतं. खाते क्रमांक आणि तारखेवर इंडेक्स, आणि बारा बेरजांच्या जागी विंडो फंक्शनची एक क्वेरी. आता एका पासबुकाला चारेकशे पानं लागतात. छपाई बटण दाबलं की सुरू.

एक गोष्ट मात्र मी मीटिंगमध्ये मान्य केली, कारण ती खरोखर बफरची आहे. आमच्याकडे जून ते सप्टेंबर वीज कधीही जाते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर तर कित्येक दिवस आली नव्हती. सर्व्हर बंद पडून पुन्हा उठला की बफर कोरा असतो, आणि पहिला अर्धा तास सगळं डिस्कवरून येतं. त्यासाठीही रॅम नको. पोस्टग्रेसच्या 'प्रीवॉर्म'ला सांगितलं की तो ठराविक वेळाने बफरमधल्या पानांची यादी लिहून ठेवतो आणि उठल्यावर ती पानं स्वतःच आणून ठेवतो. फुकट आहे. त्या पैशांतला थोडा भाग यूपीएसच्या बॅटऱ्यांवर घालवा म्हटलं, तेवढं मंजूर झालं.

मी परत आल्यावर जूनच्या पहिल्या आठवड्यात काकांचा फोन आला. नवा रिपोर्ट आला होता. एकदा वीज जाऊन सर्व्हर परत उठला होता, तेव्हा मागचे आकडेही पुसले गेलेले. पूर्वी पहिल्याच माणसाच्या पासबुकासाठी अख्खं टेबल बफरमध्ये यायचं. आता ज्याचं पासबुक त्याचीच पानं येतात. चारशेंपैकी सोळा बाहेरून. हिट रेशो ९६ टक्के. "अगं, खाली आला ना हा. लाल केलाय त्यांनी," काका म्हणाले. मी विचारलं, रांग आहे का? थोडा वेळ काही आवाज नाही, बहुतेक केबिनमधून डोकावून बघत असावेत. मग म्हणाले, "नाही, दोघंच आहेत. पण हे लाल दिसतंय त्याचं बुधवारी काय सांगू?"